कोऱ्याचं वजन

हा कोरा एवढा जड कसा गं, असं आमच्या ऑफिसातल्या चष्म्याने विचारलं तेव्हा सकाळचे सव्वाअकरा झाले होते आणि मी काट्यासमोर श्वास रोखून बसले होते. त्यात नवल काही नाही. एकतीस वर्षं मी दिवसातून तीस-चाळीस वेळा श्वास रोखत आले आहे, कारण माझं काम हवा तोलण्याचं आहे आणि तोलणाऱ्याच्या श्वासानेसुद्धा काटा हलतो. हवा तोलायची म्हणजे काय, तर शहरात पाच ठिकाणी गच्च्यांवर यंत्रं बसवली आहेत. ती दिवसभर हवा ओढतात, हवा एका पांढऱ्या कागदातून पार होते आणि तिच्यातली घाण कागदावर बसते. कागद जाताना तोलायचा, आल्यावर तोलायचा. जो फरक निघेल ती शहराची घाण. एवढ्यासाठी मला काचेची एक खोली दिली आहे, एक चिमटा, पांढरे हातमोजे, आणि एक काटा जो माझ्यापेक्षा जास्त लाडात वाढला आहे. त्या खोलीत शिंकायची चोरी. ऑफिसात सगळे मला तराजू म्हणतात. पाठीमागे म्हणतात असं त्यांना वाटतं. माझी काही तक्रार नाही. बायकांना याहून वाईट नावं ठेवलेली मी ऐकली आहेत.

कोरा म्हणजे काय ते सांगितलं पाहिजे, त्याशिवाय पुढचं कळायचं नाही. दर आठवड्याला प्रत्येक गच्चीवर सात दिवसांचे सात कागद जातात आणि त्यांच्याबरोबर आठवा एक जातो. तो यंत्रात घालायचा नसतो. तो आपल्या डब्यात बंद राहतो, गच्चीवर जातो, आठवडाभर बसतो आणि परत येतो. त्याच्यातून हवा जात नाही. त्याचं वजन वाढायला नको. वाढलंच तर अगदी शेवटच्या आकड्यात, कुणाच्या तरी हाताने, दमट हवेने. तेवढं मग आम्ही बाकीच्या सातांतून वजा करतो, कारण ती घाण शहराची नाही, आमच्या हाताळण्यातली आहे असं धरायचं. आणि कोरा फारच जड झाला, तर वजाबिजा काही करायचं नाही. सगळा आठवडा फेकून द्यायचा, वहीत आडवी रेघ मारायची. हा नियम मी झोपेत म्हणून दाखवीन.

चष्मा म्हणजे आमची नोंदणीची कारकून. जाड भिंगं, त्याहून जाड आवाज, आणि माझ्याबरोबरच नोकरीला लागलेली, त्यामुळे एकमेकींना घाबरण्याचे दिवस कधीच संपले. गेले दोन महिने ती जुन्या वह्या कॉम्प्युटरवर चढवत होती. काचेच्या पलीकडे बसून आकडे मोठ्याने वाचायची तिला सवय. त्या दिवशी ती बावीस वर्षांपूर्वीच्या हिवाळ्यात पोचली होती. कोळसा धक्क्यामागची गच्ची, ती म्हणाली, कोरा, एकशे दहा मिलिग्रॅम. मग तिने पान उलटलं. पुढचा आठवडा, कोरा, एकशे चार. त्याच्या पुढचा, अठ्ठ्याण्णव. दशांश चुकला असेल, मी म्हणाले. तुझा दशांश आणि चुकणार, असं म्हणून ती खो खो हसली. एवढा विश्वास कुणी माझ्यावर टाकला की एरवी मला बरं वाटतं. त्या दिवशी नाही वाटलं. तसंच चढव, मी तिला सांगितलं, वहीत आहे तसं. आणि चिमट्यातला कागद काट्यावर ठेवायला गेले तर तो जमिनीवर पडला. एकतीस वर्षांत माझ्या हातून सहा कागद पडले आहेत. हा सातवा.

आमचं शहर कसं आहे ते वाऱ्याचे साहेब मला पहिल्या वर्षी समजावून सांगायचे. ते हवामान बघायचे आणि आमच्या वहीवर सहीही करायचे. आता हयात नाहीत. टेबलावर हाताचा तळवा उताणा ठेवून ते म्हणायचे, ही बोटं म्हणजे मागचे डोंगर, हा मनगटाचा भाग म्हणजे समुद्र, आणि मधल्या खळग्यात आपण सगळे. पावसाळ्यात सगळं धुऊन निघतं. उन्हाळ्यात समुद्राचा वारा एवढा दांडगा की खळग्यात काही थांबत नाही. पण थंडी आली की वर हवेचं झाकण बसतं. रात्री डोंगरावरून गार वारा सावकाश उतरतो, धक्क्याचा कोळसा, जहाजांचा धूर, चिमण्यांची राख, सगळं उचलून समुद्रावर नेऊन ठेवतो. सकाळी लोक खिडक्या उघडतात, म्हणतात काय छान स्वच्छ हवा आहे. आणि साडेदहाच्या सुमाराला वारा फिरतो. समुद्रावर ठेवलेलं सगळं पाण्याला अंग लावून परत येतं, आणि आधी धक्क्यामागच्या चाळींत शिरतं, कारण त्याच पहिल्या लागतात. ह्या गावातून काही जात नाही हो, साहेब म्हणायचे, फक्त फिरायला जातं आणि घरी येतं. आम्ही तिला परतीची हवा म्हणायचो. तेव्हा मला ते गमतीचं वाटायचं. मी तरुण होते आणि घरी काही परत येतं यात वाईट काय असतं ते मला माहीत नव्हतं.

धाकटी म्हणजे माझी बहीण, माझ्याहून आठ वर्षांनी लहान. आई गेली तेव्हा घरात आम्ही दोघीच राहिलो, डोंगराच्या उतारावर, दोन खोल्यांत. माझं लग्न झालं नाही. का झालं नाही ते विचारणारी माणसं एक एक करून गेली, प्रश्नही गेला. धाकटीचं झालं. नवरा बंदरावर क्रेन चालवायचा, उंच, लाजरा, मला ताई म्हणताना दर वेळी एक पायरी खाली उतरल्यासारखा मान वाकवायचा. लग्नानंतर दोन वर्षं ती दोघं माझ्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत राहिली. मग बंदराने त्याच्यापुढे दोन गोष्टी ठेवल्या. एक तर कोळसा धक्क्यामागे बांधलेल्या नव्या इमारतीत जागा, पुढे नावावर होणारी. नाहीतर दुसऱ्या बंदरावर बदली, बढतीसकट, इथून दोन दिवसांच्या प्रवासावर. त्याचा ओढा बदलीकडे होता. धक्क्यामागची हवा त्याला पसंत नव्हती. तो रोज वर केबिनमध्ये बसून बघायचा की काय कुठे उडतंय ते. धाकटीला कळेना. आणि घरात हवेतली शहाणी होते मी. तेव्हा दोघांनी ठरवलं, ताई सांगेल तसं.

आता इथून पुढे मला जपून जायला हवं, कारण चष्म्याने तो आकडा वाचल्यापासून आठ दिवस मी हाच भाग मनात पुन्हा पुन्हा तोलत होते आणि काटा स्थिर होत नव्हता. अक्षरशः होत नव्हता. माझ्या खोलीतल्या काट्याचा शेवटचा आकडा नाचत राहायचा, दोन-तीन-दोन-चार. मी दार तपासलं, पातळी तपासली, पंखे बंद करायला लावले. स्वतःचा श्वास रोखला. तरी आकडा हलायचा. खोलीत मी एकटी, तोंड मिटलेलं, आणि कुणीतरी हळूहळू श्वास घेतंय. मेकॅनिकला बोलावलं. त्याने सगळं उघडून बघितलं आणि म्हणाला, मॅडम, काटा उत्तम आहे, तुमचा हात टेबलाला लागतोय, थरथरतोय. मी त्याला झापलं. मग हात मांडीवर घेतला, आणि आकडा थांबला.

त्या हिवाळ्यात धक्क्यामागच्या गच्चीवर कागद बदलायला जो माणूस जायचा त्याला आम्ही गच्चीवाला म्हणायचो. अबोल माणूस. महिन्यातून एक वाक्य बोलायचा, ते कामाचं असायचं. नोव्हेंबरात तो म्हणाला, बाई, कोऱ्याच्या डब्याचं झाकण बसत नाही, बिजागरी तुटलीय. मी म्हणाले, बघू. हे मला आठवतंय का, की आता आठवावंसं वाटतंय म्हणून आठवतंय? नाही, आठवतंय. तो दारात उभा होता, एक पाय आत, एक बाहेर, कारण काचेच्या खोलीत चप्पल आणायची नाही. बघू म्हणजे आपल्याकडे काय असतं ते सर्वांना माहीत आहे. मी बघितलं नाही. सात कागद आपापल्या पाकिटांत बंद असायचे, यंत्रात जायचे तेवढेच उघडे व्हायचे. कोरा मात्र त्या उघड्या डब्यात आठ आठ दिवस गच्चीवर पडून राहिला, आणि परतीची हवा रोज साडेदहाला येऊन त्याच्यावर बसली. काही न करता तो काळा झाला. ती धूळ हाताळण्यातली नव्हती, आणि सातांवर ती बसलीच नव्हती. ती सातांतून वजा करायची काहीच गरज नव्हती. आठवडा फेकायचा होता, रेघ मारायची होती, नवा डबा मागायचा होता, दहा मिनिटांचं काम.

मी वजा केलं. बारा आठवडे. साहेबांना वहीत रेघा आवडायच्या नाहीत हे खरं. ते शेवटचा रकाना बघून सही करायचे, हेही खरं. मी नवी होते असं म्हणता येणार नाही. नऊ वर्षं झाली होती. ही कारणं मी आठ दिवस एकामागून एक काट्यावर ठेवून बघितली, आणि प्रत्येक कारण हलकं निघालं. कारण मला तो कोरा आठवतो. शुक्रवारी दुपारी मी तो चिमट्याने उचलून खिडकीच्या उजेडात धरला होता. तो राखाडी होता, कडेला जरा गडद, आणि मधे माशीच्या पायाएवढे काळे कण. पांढऱ्या कागदांत आयुष्य घालवलेल्या बाईला हे कळत नाही असं कुणाला सांगायचं? भरलेल्या कागदांवर सरासरी दोनशे साठ मिलिग्रॅम, कोऱ्यावर एकशे दहा. कोरा वजा न करता ओढलेल्या हवेने भागलं तर हवेचा आकडा यायचा एकशे बासष्ट. मर्यादा शंभर. कोरा वजा केला की चौऱ्याण्णव. आणि धाकटी त्याच दुपारी चार वाजता येणार होती, विचारायला, कारण सोमवारी तिच्या नवऱ्याला होय-नाही कळवायचं होतं.

ती आली तेव्हा मी तिला काचेच्या बाहेरच बसवलं. नवी साडी, ओले केस, हातात छत्री, कारण तिला थंडीतही छत्रीशिवाय चैन पडायचं नाही. तिने विचारलं, ताई, काय करू? मी वही उघडली आणि बोट ठेवून दाखवलं. चौऱ्याण्णव. मर्यादेच्या आत आहे, मी म्हणाले, डोळे झाकून जागा घे. ती एवढी खूश झाली की काचेवर तिच्या श्वासाचा ठिपका उमटला. संध्याकाळी आम्ही तिघांनी चहा घेतला. तिचा नवरा एकदाच म्हणाला, ताई, वरून बघितलं तर जरा वेगळं दिसतं. मी म्हणाले, वरून बघून तोलता येत नाही हो. धाकटी हसली. मीही हसले. मला त्या दोन खोल्यांत एकटीने राहायचं नव्हतं, एवढंच होतं ते. ती दोन दिवसांच्या प्रवासावर गेली असती तर मी वर्षातून एकदा पाहुणी म्हणून गेले असते, आणि बाकीचे दिवस भिंतीशी बोलले असते. खाली धक्क्यामागे म्हणजे बसने वीस मिनिटं. दर रविवारी येता आलं असतं. दर रविवारी भेटलोच आम्ही, बावीस वर्षं.

तेव्हा मला माहीत होतं का? हा प्रश्न मी रस्त्याने चालताना विचारते, भाजी घेताना विचारते, भाजीवाली म्हणते ताई पिशवी धरा ना. ठाऊक असूनही केलं असं म्हणावं तर मी तशी बाई नाही. ठाऊक नव्हतं म्हणावं तर तो राखाडी कागद डोळ्यांपुढे येतो. मला वाटतं माणसाच्या आत एक जागा असते जिथे तो गोष्टी न बघता ठेवून देतो, आणि त्या तिथे आठ दिवस, आठ वर्षं, पडून राहतात, आणि त्यांच्यावर सगळं बसत जातं. मी तिथे हात घातला नाही. पुढच्या हिवाळ्यात नवा डबा आला, कोरे पुन्हा हलके झाले, धक्क्यामागचा आकडा एकदम दीडशेच्या वर गेला. साहेबांनी विचारलं, यंदा एवढा कसा वाढला? मी म्हणाले, जहाजं वाढलीत. खरंच वाढली होती. त्यांनी सही केली. धाकटीने मला आकडा पुन्हा कधी विचारला नाही, आणि मीही आपणहून सांगितला नाही. तोपर्यंत तिने खिडक्यांना पडदे लावले होते.

तिचा नवरा गेल्याला दोन वर्षं झाली. छातीचं दुखणं. सिगरेटला शिवला नव्हता. डॉक्टरांनी चारचारदा विचारलं, त्यांचा विश्वासच बसेना. शेवटचं वर्ष तो खुर्चीत बसून झोपायचा, आडवं झालं की श्वास लागायचा. मी रविवारी जायचे, तो उठायचा प्रयत्न करायचा, मी म्हणायचे बसा हो, आणि तो तिथूनच मान वाकवायचा. मला तेव्हा वाईट वाटायचं, पण ते नुसतं वाईट वाटणं होतं, कुणाच्याही आजाराचं वाटतं तसं. आता तेच धाकटीला लागलं आहे. तीन जिने चढायला पंधरा मिनिटं. ओठ कधी कधी निळसर. पावसाळा संपताना डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की ह्या थंडीत तिला त्या इमारतीत ठेवलं तर पुढची थंडी बघेल याची हमी मी देत नाही. वर डोंगरावर न्या, झाकणाच्या वर. माझं घर झाकणाच्या वर आहे. थंडीत सकाळी माझ्या दारात उभं राहिलं की खाली मळकट पांढरं तळं दिसतं आणि त्यातून फक्त क्रेनची टोकं बाहेर.

पण धाकटी यायला तयार होईना. मी सगळे उपाय केले. रागावले, रडले, तिची दुसरी खोली रंगवून घेतली. तिचं एकच, ह्यांची जागा सोडून मी कुठे जाऊ, आणि हवेचं म्हणशील तर तूच तोलून दिलीस ना? आजार वयाचा आहे, ताई, हवेचा नाही. हवेचा असता तर तुला आधी कळलं असतं. हे ती मला, तोलणारीला, सांगायची. थंडी तोंडावर आली होती. चष्म्याने आकडा वाचल्याच्या आठव्या दिवशी माझ्या लक्षात आलं की तिला तिथून उठवायला एकच गोष्ट उरली आहे. तिला खरं सांगायचं. आकडा खोटा होता म्हटल्यावर ती त्या घरात एक दिवस राहणार नाही. हे लक्षात आल्यावर मला काय वाटलं ते सांगायची लाज वाटते, पण सांगते: मला हायसं वाटलं. सांगायचं होतंच मला. आता सांगण्याला कारणही मिळालं, चांगलं, तिच्या भल्याचं.

रविवारी मी टॅक्सी केली आणि नऊ वाजताच खाली पोचले, वारा फिरायच्या आत. टॅक्सीवाल्याला थांबायला सांगितलं, म्हटलं पेशंट आहे, सामान आहे, तासभर लागेल. जिन्यात कठड्यावर हात ठेवला आणि सवयीने बोटं बघितली. वर धाकटीने दार उघडं ठेवलं होतं, उठायला नको म्हणून. ती खुर्चीत बसली होती, त्याच्या. कपड्यांच्या घड्या घालत होती, एक घडी, मग थोडं थांबणं, मग दुसरी. घर चकचकीत. मी समोरच्या स्टुलावर बसले आणि सांगितलं. मी वाटेत वाक्यं जुळवली होती, ती सगळी विसरले. कोरा, डबा, बिजागरी, एकशे बासष्ट, चौऱ्याण्णव, जे आठवेल तसं सांगत गेले. तो शुक्रवार सांगितला. मला एकटीला राहायचं नव्हतं हेही सांगितलं. चुकलं माझं, असं म्हणाले. पदराला नाक पुसलं. आणि म्हणाले, तेव्हा आता ऊठ, खाली टॅक्सी उभी आहे, बॅग मी भरते.

हातातल्या उशीच्या खोळीची घडी तिने पुरी केली, ढिगावर ठेवली, आणि ढीग सरळ केला. मी वाट बघत होते की ती रागावेल. रागावली असती तर फार बरं झालं असतं. रागाने माणूस उठतो, बॅग भरतो, जिना उतरतो. तिने विचारलं, तुझ्या आकड्यात चूक होती हे नक्की ना? मी म्हणाले, नक्की. तिने पुन्हा विचारलं, हवा वाईटच होती? पहिल्यापासून? मी हो म्हणाले. मी पाहिलं की ती माझ्याकडे बघतच नव्हती. ती खुर्चीच्या हाताकडे बघत होती, जिथे त्याच्या कोपराने रंग गेला होता.

मग ती बोलायला लागली, मधे मधे थांबत, दमाने. इथे येऊन सहा महिने झाले तेव्हाच ह्यांनी पहिल्यांदा म्हटलं होतं, इथून जाऊ. रुमाल दाखवला होता, खोकल्यावरचा. धूळ आहे गं, म्हणाले होते, ही मी वरून रोज बघतो. तिने त्यांना उडवून लावलं होतं. बदलीचा अर्ज त्यांनी तीनदा आणला, तीनदा तिने सही करू दिली नाही. शेजाऱ्यांच्या देखत म्हणायची, आमच्या ह्यांना कामाचा कंटाळा आला की धूळ दिसते. माझी बहीण हवा तोलते, तिला दिसत नाही ती. लोक हसायचे. तेही हसायचे. एकदा ते चिडले होते, सगळ्या संसारात एकदाच, म्हणाले तुझ्या बहिणीला एक दिवस माझ्या केबिनमध्ये बसव. ती त्यांच्याशी चार दिवस बोलली नव्हती, माझ्या बहिणीला बोललात म्हणून. मी हे सगळं ऐकत होते आणि मला कळलं की मी श्वास घेत नाहीये. ह्यातलं तिने मला कधी काही सांगितलं नव्हतं. मला वाईट वाटेल म्हणून.

"आणि शेवटी दवाखान्यात," ती म्हणाली, "मला म्हणाले, नसेल गं धूळ. तू म्हणतेस तर नसेलच. माझ्यातच काही बिघाड असेल."

मी तिचा हात धरायला गेले. तिने तो काढून घेतला नाही, फक्त तो माझ्या हातात नव्हता. मी म्हणाले, दोष माझा आहे, तुझा नाही, तू माझ्यावर विश्वास ठेवलास, तुझं काय चुकलं. हे खरंच होतं, आणि ते बोलून काही उपयोग नव्हता हेही मला बोलताबोलता कळत होतं. मी तिला घराबाहेर काढायला आले होते. चल, मी म्हणाले, निदान आता तरी चल, ह्या घरात कशाला राहायचं? डॉक्टर काय म्हणाले तुला माहीत आहे. ती म्हणाली, माहीत आहे. मग म्हणाली, इथेच मी त्यांना खोटं पाडत आले, ह्याच खोलीत. आता वर डोंगरावर जाऊन चांगली हवा खाऊ?

खाली टॅक्सीवाल्याने हॉर्न दिला. दीड तास होत आला होता. बाहेर उजेड बदलला होता, तो थंडीत त्या वेळेला बदलतो तसा, आणि समोरच्या क्रेनचे पाय दिसेनासे होत चालले होते. धाकटी उठली. दोनदा थांबून खिडकीपर्यंत गेली, गज धरला, आणि खाली बघून टॅक्सीवाल्याला हाताने जा म्हणून सांगितलं. गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ती तशीच उभी राहिली, माझ्याकडे पाठ करून, श्वास जमवत.

"तू सांगून मोकळी झालीस, ताई," ती म्हणाली. "मी आता कुणाला सांगू?"